दोन बोटं खोल

१

धाकटी एकसष्ट वर्षांची झाली होती, तरी गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत. घरात तिच्याहून थोरली एक होती, आणि ती असेपर्यंत दुसऱ्या कुणाला थोरलं होण्याची सोय नव्हती. ताई सदुसष्टची. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लोकांना 'थांबा' म्हणून ती निवृत्त झाली होती. खात्याने तिच्याकडून खुर्ची, टेबल, कपाटाची किल्ली सगळं परत घेतलं, तो आवाज तेवढा घ्यायचा राहिला.

घर बैठं होतं. पुढच्या खोलीत धाकटीचं शिवणकाम चाले. तिथे मशीन, कापायचं टेबल, उभा आरसा आणि खिळ्यांना टांगलेले बिनबाह्यांचे कोट. मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून ताईची खोली. स्वयंपाकघराच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की परस. तिन्ही बाजूंनी माणसाहून उंच भिंत, मध्ये पडीक जमीन. ताईच्या खिडकीला गज होते आणि त्या गजांतून हे परस पुरतं दिसायचं.

दोन वर्षांपूर्वी ताईचा खुबा मोडला. सांधला, पण नीट नाही. काठीशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं. पाय सुजून निळसर पडले होते. डॉक्टर म्हणाले, सकाळचं ऊन घ्या.

"नुसतं उन्हात बसून काय करू?" ताई म्हणाली. "परसात वाफे कर. पावसाळा सरला. आत्ता लावलं तर थंडीत हाताशी येईल. लसूण, मुळा, पालक. कडेने झेंडू आणि शेवंती."

"करणार कोण?"

"मी सांगते ना!"

सांगणं हेच ताईच्या लेखी खरं काम होतं. करणं ही त्यानंतरची किरकोळ बाब.

धाकटीने चार दिवस जमीन खणली. खडे वेचले, खत मिसळलं, दोरी धरून वाफे आखले. ताई पायरीजवळच्या फरशीवर लाकडी हातांच्या जड खुर्चीत बसून काठीने दिशा दाखवत होती. पाचव्या दिवशी मुळा-पालकाचं बी टाकलं आणि लसूण लावला. पाकळीचं टोक वर, बूड खाली, दोन बोटं खोल. धाकटीच्या गळ्यात टेप कायम असायचा. आंघोळीपुरता काढला तर काढला. तिने प्रत्येक भोक मापून घेतलं. चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्या बाईकडून दोन बोटांची अडीच बोटं होत नाहीत.

"वेडीवाकडी गेली ओळ," ताई म्हणाली.

ओळ सरळ होती.

२

मुळा चौथ्या दिवशी उगवला आणि पालक आठव्या. लसणाचा वाफा मात्र कोरा राहिला. बारा दिवस झाले तरी एक हिरवं टोक दिसेना.

"सडवलास," ताईने निकाल दिला. "पाणी ओतत सुटतेस."

धाकटीने शेवटी एक पाकळी उकरून बघायचं ठरवलं. दोन बोटं माती बाजूला केली. पाकळी नव्हती. चार बोटं केली. नव्हती. उंदराने नेली असेल म्हणून ती उठणार होती, तेवढ्यात बोटाच्या टोकाला काहीतरी गुळगुळीत लागलं. पाकळी तिथेच होती, टोक वर, बूड खाली, अगदी लावली तशी. फक्त एक वीत खोल.

तिने दुसरी उकरली. तीही वीतभर. तिसरी त्याहून थोडी जास्त.

एकही कुजली नव्हती. उलट लावताना होती त्याहून टपोरी दिसत होती. साल ताणलेलं, चकचकीत. मुळं मात्र एकीलाही फुटली नव्हती.

धाकटी बराच वेळ उकिडवी बसून राहिली. माती भुसभुशीत होती, तिने स्वतःच केली होती. पाण्याने खाली बसली असेल. पण माती बसली तर वरची मातीही बसायला हवी. वाफा तर पहिल्या दिवसाएवढाच उंच होता.

"काय झालं?" खुर्चीतून आवाज आला.

"लसूण खाली गेलाय."

"खाली गेलाय म्हणजे? तूच खोल लावलास."

"मी मापून लावला, ताई."

"मग माप चुकलं." ताई हसली. "वय झालं की चुकतं माप. त्यात लाजायचं काय?"

ताईने धाकटीला आयुष्यभरात पुष्कळ काही ऐकवलं होतं. रूपावरून, बावळटपणावरून, न झालेल्या संसारावरून. मापावरून आजवर कधी नाही. धाकटीने तिन्ही पाकळ्या पुन्हा दोन बोटांवर लावल्या, हात धुतले आणि पुढच्या खोलीत जाऊन एका अस्तराला इतके बारीक टाके घातले की ते नंतर तिचे तिलाच उसवेनात.

३

दुसऱ्या दिवशी ताई न्हाणीत असताना तिने पाच पाकळ्यांना कोटाचा जाड दोरा बांधला. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एकेक गुंडी. पाकळ्या दोन बोटांवर लावल्या, गुंड्या मातीवर ठेवल्या आणि प्रत्येकीजवळ वीतभर दोऱ्याचं वेटोळं सैल सोडलं. आता माती बोलेल, माप बोलेल, ताईने बोलायची गरज नाही.

दोन दिवसांनी वेटोळी नव्हती. चार गुंड्या मातीवर घट्ट चिकटून बसल्या होत्या, कोटावर बसाव्यात तशा. पाचवी कुठे दिसली नाही.

धाकटीने एका गुंडीला चिमटीत धरून हलकेच वर ओढलं. दोरा ताठ झाला. मग खालून, अगदी तेवढाच हलका, एक हिसका आला.

तिने गुंडी सोडली.

दोरा ताणला की मागे खेचतोच, तिने स्वतःला समजावलं. मशीनवर रोज बघतेस ना? तरी हात धुताना तिने ती दोन बोटं तीनदा साबणाने घासली. मग पायात चपला घातल्या आणि रोपं आणायच्या निमित्ताने नर्सरीत गेली.

नर्सरीवाला म्हातारा, बोलका माणूस होता. त्याने झेंडूची रोपं कागदात गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं.

"त्यात काही नवल नाही, बाई. काही कंदांची मुळं आखडतात. सुरकुततात आणि कंदाला खाली ओढून घेतात. थंडी लागू नये म्हणून. झाडं आपल्यापेक्षा शहाणी."

"किती ओढतात?"

"बोटभर. फार तर दोन बोटं."

"आणि वीतभर? दोन दिवसांत?"

म्हाताऱ्याने तिच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं आणि हसू आवरलं नाही. "मग लसूण नाही, बाई, तुमचा टेप आखडलाय!"

तीही हसली. मनावरचं ओझं उतरलं. कारण आहे म्हटल्यावर माणसाला अर्धं बरं वाटतं. झेंडूची बारा रोपं आणि शेवंतीची सहा पिशवीत घेऊन ती हलक्या पावलांनी निघाली. बेकरीच्या कोपऱ्यावर आली तेव्हा आठवलं की त्या पाकळ्यांना मुळंच नव्हती.

४

तरी झेंडू लावला. न लावून काय करणार? ताई खिडकीत बसून मोजत होती.

रोपं वीतभर उंच होती आणि प्रत्येकाला एकदोन कळ्या होत्या. तिसऱ्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात उभी राहिल्यासारखी दिसू लागली. पाचव्या दिवशी गळ्यापर्यंत. सातव्या दिवशी मातीवर नुसत्या बारा कळ्या उरल्या, ओळीत, हिरव्या गुंड्यांसारख्या. आठव्या दिवशी त्याही नाहीत. शेवंतीचंही तेच झालं.

मुळा आणि पालक नेहमीसारखे वाढत होते. त्यांना काही झालं नव्हतं. ते बियांतून आपले आपण आले होते. जे हाताने रोवलं तेच खाली जात होतं. हे ध्यानात आल्यावर धाकटी स्वतःवरच चिडली. हे काय उत्तर झालं?

त्या दुपारी ताई झोपली होती. धाकटी खुरपं घेऊन झेंडूच्या वाफ्यात बसली आणि खणू लागली. वीत. दीड वीत. मग खुरपं ठेवून तिने हातच घातला. माती आत गार असते असा तिचा आजवरचा समज होता. ही उबदार होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

कोपरापर्यंत हात गेल्यावर बोटांना काहीतरी मऊ लागलं. ती पोटावर आडवी झाली आणि माती उपसत गेली. मग आत पाहिलं.

झेंडू फुललेला होता. हाताच्या तळव्याएवढा, भरगच्च, पिवळाजर्द. तिथे ऊन नव्हतं, वारा नव्हता, उभं राहायला जागासुद्धा नव्हती. तरी देठ ताठ होता आणि एकही पाकळी चुरगळलेली नव्हती. भोवतालची माती त्याच्यापासून जराशी दूर सरकून राहिली होती, जपून. इतका सुंदर झेंडू तिने वर, उजेडात, कधी पाहिला नव्हता.

तिने तो खुडला नाही. बोट लावायचं धाडसही झालं नाही. भराभर माती लोटली, वरून थापली आणि घरात येऊन कोपरापर्यंत हात धुतले. हाताला वास होता, तो मातीचा नव्हता. तो न्हाऊन आलेल्या माणसाच्या मानेला येतो तसा होता.

हे ती ताईला सांगणार होती. खरंच सांगणार होती. चहाचा कप घेऊन खोलीत गेली, तर ताई जागीच होती.

"उद्यापासून माझी खुर्ची पुढे घे," ताई म्हणाली. "पायरीशी आता ऊन येत नाही. दहा वाजता ऊन असतं ते झेंडूच्या वाफ्यावर. नाहीतरी तुझा झेंडू मेलाच."

"तिथे नको."

"का?"

"माती भुसभुशीत आहे. खुर्ची रुतेल."

"रुतेल तर रुतेल. माझ्या पायाला ऊन मिळालेलं तुला बघवत नाही, असं म्हण."

धाकटीने कप खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. "ठेवते तिथेच."

५

आता इथे जुनी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ते 'बरं' कळायचं नाही.

धाकटी तेवीस वर्षांची असताना नकाशे काढणारा एक तरुण तिच्याकडे कोट शिवायला आला. कोटाला दोन वेळा अंगावर घालून बघितलं की पुरतं. त्याने पाच वेळा घालून बघितला. दर वेळी म्हणे, इथे जरा आवळतंय. आवळत कुठेच नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. मग एका आठवड्यात तो यायचा थांबला. कोटही न्यायला आला नाही. धाकटीने दोन वर्षं तो झटकून ठेवला आणि मग उसवून त्याचं कापड दुसऱ्या कुणाच्या बाह्यांना लावलं.

त्यानंतर वीस वर्षांनी त्याची बहीण एक झगा आखूड करून घ्यायला आली. धाकटी जमिनीवर बसून काठाला टाचण्या लावत होती, आणि ती वरून सहज सांगत होती. तुमच्या ताई आल्या होत्या तेव्हा आमच्या घरी. रडत होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, धाकटीला फिट येतात, डॉक्टरांनी लग्न करू नका म्हणून सांगितलंय, पण ती लपवते. आता कशी आहे हो तुमची तब्येत?

धाकटीला जन्मात फिट आली नव्हती. तिने काठ पूर्ण केला. एकही टाचणी वाकडी लागली नाही.

ताईला ती याबद्दल एक अक्षर बोलली नाही. आधी संताप होता, मग वाटलं योग्य वेळ येऊ दे, मग वेळ निघून गेली. मग ताईचा खुबा मोडला, आणि मोडक्या माणसाशी कुठे भांडायचं? ती रोज ताईच्या पायांना तेल चोळत राहिली.

खुर्ची वाफ्यावर ठेवली त्या दिवशी, ताईला आत नेल्यावर, धाकटीने पायाचं माप घेतलं. खुर्चीचे चारही पाय बोटभर रुतले होते. वजनाने रुतणारच.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची उपटून पुन्हा तिथेच ठेवली. दोन बोटं.

तिसऱ्या दिवशी ताई उठताना म्हणाली, "ऊब आहे इथे. तळपायातून वर येते. ठणका कमी झाला."

"ऊन चांगलं आहे," धाकटी म्हणाली.

चौथ्या दिवशी तिने खुर्ची उपटली नाही. तशीच राहू दिली. रोज संध्याकाळी टेप धरायची, आकडा बघायची आणि टेप गुंडाळून आत यायची. मनाशी म्हणायची, उद्या सांगीन. अजून तर नुसतेच खुर्चीचे पाय आहेत.

६

त्या सकाळी धाकटी पुढच्या खोलीत काजं करत बसली होती. मागून ताईची बडबड ऐकू येत होती, मुळ्याला पाणी नाही, पालकाला अळी लागली. धाकटीला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबल्याचं तिच्या लक्षात आलं तेच मुळी उशिरा.

ती उठली. स्वयंपाकघरातून जाताना तिने शेगडी बंद केली, भांड्यावर झाकण ठेवलं, हात पुसले. एवढं सगळं करायची खरंतर गरज नव्हती.

खुर्चीची बैठक मातीला टेकली होती. ताई तिच्यात बसलेली होती, हात खुर्चीच्या हातांवर, डोळे मिटलेले. तिचे पाय गुडघ्यांपर्यंत दिसत होते. खाली माती होती, सपाट आणि कोरडी, वरून झाडल्यासारखी.

ताईचा चेहरा पाहून धाकटी जागच्या जागी थांबली. कपाळावरची आठी नव्हती. ओठ सैल होते. सदुसष्ट वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं असं समाधान त्या तोंडावर होतं. घाबरलेली, ओरडणारी ताई दिसली असती तर धाकटी त्याच क्षणी धावली असती.

ती पायरीवर उभी राहिली. किती वेळ, ते तिला नंतर कधी नक्की सांगता आलं नसतं. भिंतीची सावली पहिल्या पायरीवर होती ती दुसऱ्या पायरीवर आली, एवढं खरं.

मग खुर्ची हलली. फार नाही, अर्धं बोट. तरीही धाकटीच्या घशातून हुंदका फुटला आणि ती वाफ्याच्या कडेच्या विटांवर पाय रोवून ताईच्या काखेत हात घालून ओढू लागली. ताई जडशीळ झाली होती. खालून कुणी ओढत नव्हतं, नुसतं सोडत नव्हतं. मग एकदम सुटलं, आणि दोघी फरशीवर कोसळल्या. ताईचे लोकरी मोजे आणि सपाता आतच राहिल्या.

खुर्ची त्यानंतर थांबली नाही. दोघींच्या डोळ्यांदेखत तिचे हात मातीत गेले, मग पाठ. आवाज काही झाला नाही.

ताईने डोळे उघडले. धाकटीकडे पाहिलं.

"का काढलंस?" ती म्हणाली.

७

ताईला खाटेवर बसवून धाकटीने बादलीत कोमट पाणी आणलं आणि पाय धुवायला घेतले. माती निघून गेली तशी ती धुता धुता थबकली.

सूज नव्हती. निळे डाग नव्हते. टाचांच्या भेगा, नडगीवरचा लहानपणीचा भाजल्याचा व्रण, काही नव्हतं. गुडघ्याच्या जरा खाली एक रेघ होती. रेघेच्या वर ताईची कातडी, सुरकुतलेली, पातळ. रेघेच्या खाली एका विशीतल्या मुलीचे पाय.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "आता मला परत नेऊन बसव."

"वेड लागलंय तुला."

"बसव म्हणते ना!"

"नाही."

ताईचा आवाज प्रथमच खाली आला. "धाकटे, हात जोडते. तुला काय माहीत आत काय आहे. कुणी काही मागत नाही तिथे. कुणी दुखवत नाही."

"कोण आहे तिथे?"

ताईने नजर खिडकीकडे वळवली.

धाकटी टॉवेल पिळत राहिली. पाणी केव्हाच निथळलं होतं. आणि अठरा वर्षं जे अडलं होतं ते असं, बादलीपाशी बसून, तोंडातून निघालं. "त्यांच्या घरी जाऊन तू काय सांगितलंस ते मला माहीत आहे. फिट येतात म्हणून."

"माहीत असणारच."

"असणारच?"

"त्याची बहीण झगा घेऊन गेली त्या दिवसापासून तू मला 'ताई' म्हणताना अडखळतेस. मी आवाजावर नोकरी केली, धाकटे." ताई उशीला टेकली. "आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं करायचं होतं. मी एकटी काय करणार होते? तू गेली असतीस तर मी मेले असते त्या घरात."

"म्हणून मला मारलंस."

"मारलं. आणि तू? खुर्ची रोज किती खाली जाते ते मला दिसत नव्हतं? मी या खिडकीतून रोज तुझा टेप बघत होते. वाट बघत होते, कधी बोलतेस. नाही बोललीस. म्हटलं, झालं, फिटलं. दोघी सुटलो." तिने मान वळवली. "आणि नेमकं मिळायच्या वेळी ओढून काढलंस. तेही चांगुलपणा म्हणून नाही. मला बरं वाटत होतं, म्हणून."

धाकटी बादली उचलून उठली. ताई म्हणाली त्यात खोटं काही असतं तर ती तिथेच थांबून भांडली असती.

८

दोन दिवस ताई जेवली नाही. खाटेवरून उतरून, खुब्यावर हात दाबत, भिंत धरून ती दाराकडे जायची आणि धाकटी तिला परत आणायची. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

मग ती परसात गेली. लख्ख ऊन होतं. मुळ्याची पानं हातभर झाली होती. पलीकडच्या घरात कुणीतरी गालिचा झोडपत होतं.

तिने आपली बोटं पाहिली. चाळीस वर्षांच्या सुयांनी टोकं टणक झालेली, सांधे गाठाळलेले. सकाळी कात्री धरताना रडू यायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कुणी. तिला तो नकाशेवाला आठवला नाही. ताईचा खुर्चीतला चेहरा आठवला. आयुष्यात एक चांगली गोष्ट घरात आली, तीही पहिल्यांदा ताईच्या वाट्याला.

तिने चपला काढल्या आणि झेंडूच्या वाफ्यात पाय ठेवला. दोन्ही पाय ठेवले. मग खाली वाकून दोन्ही हात मातीवर टेकले.

"ए!" खिडकीतून ओरड आली. ताई गज धरून उभी होती. "ती माझी जागा आहे! निघ तिथून! धाकटे!"

"आता तू थांब," धाकटी म्हणाली.

ऊब आली. आधी तळव्यांत, मग पोटऱ्यांत. माती सुखाने बाजूला होत होती. घोटे गेले, मनगटं गेली. बोटांतला ठणका एकेक करून विझत गेला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत. एवढंच होतं तर? एवढ्यासाठी मी घाबरले?

मग तिच्या उजव्या पायाच्या तळव्याखाली काहीतरी आलं.

मूळ असेल. दगड असेल. ते तळहाताच्या आकाराचं होतं. ते टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश सरकलं, आणि लहान मुलाला जोडा घालताना धरावा तसा त्याने तिचा पाय धरला. प्रेमाने. मग डावा. मग मातीतल्या तिच्या दोन्ही हातांच्या बोटांत, एकामागून एक, दुसरी बोटं येऊन बसली.

दोन पाय आणि दोन हात. चार ठिकाणी, एकाच वेळी. तेवढ्यावरच थांबलं नाही. पोटरीशी आणखी एक आलं.

तिने जोर केला. डावं मनगट सुटलं, वर आलं. त्यासोबत माती जराशी उचलली गेली आणि एका क्षणापुरतं तिला दिसलं ते नख होतं. गुलाबी, स्वच्छ, नुकतं कापलेलं. त्याच्या मागे, मातीच्या ढेकळांमधून, दुसरं. आणि त्यांच्याही खाली खूप दाटी होती. माती पुन्हा मिटली.

"ताई!"

गुडघे गेले होते. तिने मोकळ्या हाताने खिसा चाचपला, किल्ली काढली आणि खिडकीकडे फेकली. किल्ली गजाला लागून खाली पडली, वाफ्याच्या कडेला. ती तिथे चमकत राहिली. मग कलली आणि टोकावर उभी राहिली आणि गेली.

"ताई, कुणाला तरी हाक मार! मोठ्याने! तुझा आवाज जाईल, ताई!"

ताईने गज सोडले होते. ती खिडकीत उभी होती, काठी न घेता, भिंत न धरता, ताठ. दोन वर्षांत ती अशी उभी राहिली नव्हती. ती धाकटीकडे बघत नव्हती. धाकटीच्या भोवतालच्या मातीकडे बघत होती, वरून, जिथून सगळा वाफा एका नजरेत दिसतो तिथून. आणि हळूहळू तिच्या तोंडावरचा हेवा पुसला गेला. तिथे भीती आली. ती एक पाऊल मागे सरली.

"ताई, काय दिसतंय तुला?"

ताईने तोंड उघडलं. भिंतीपलीकडे गालिचा झोडपणं थांबलं होतं. आत्ता हाक मारली असती तर चार घरं गोळा झाली असती.

ताईने तोंड मिटलं. हात वर केला, आणि पडदा ओढून घेतला.